परतीचा डबा

१

वीणाच्या माहेरी एक नियम होता आणि त्यावर अपील चालत नसे. शेजारणीची वाटी, पातेलं, डबा, जे काही आपल्याकडे आलं असेल ते परत जाताना रिकामं जायचं नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण घाल. साताऱ्यातल्या त्यांच्या आळीत वीणाची आई याच एका गोष्टीसाठी नावाजलेली होती आणि शेजारणी तिला थोड्या घाबरूनही असत.

वीणा आयर्लंडला आली, रिंगास्किडीला एका औषध कारखान्यात पॅकेजिंगमध्ये लागली, डब्याबाटल्यांची झाकणं घट्ट बसतात की नाही हे तपासण्याचा पगार घेऊ लागली, तरी तो नियम तिच्या मागोमाग आलाच. शेजारच्या आयरिश बाईंनी एकदा ॲपल टार्ट दिली, तर बशी परत गेली शंकरपाळ्यांसकट. बाईंनी पुन्हा टार्ट केली. वीणानं पुन्हा शंकरपाळे तळले. शेवटी त्या बाईंनी घरच बदललं, असं वीणाचा नवरा चारुदत्त चारचौघांत सांगत असे. ते खरं नव्हतं, पण अगदीच खोटं होतं असंही म्हणवत नाही.

वीणाला कुणाचं काही अंगावर ठेवून घेणं जमायचं नाही. त्याहून म्हणजे, कुणी आपल्यावर नाराज आहे ही कल्पनाच तिला सोसायची नाही. ऑफिसात कुणी तुटक बोललं तरी घरी येऊन ती दहादा विचारायची, "चारू, तो चिडला असेल का रे?" चारुदत्त म्हणायचा, "चिडू दे की." हे असं कसं जमतं लोकांना, याचं वीणाला नवल वाटायचं.

ऑगस्टमध्ये ते दोघं आणि सहा वर्षांची सुरुची आठवडाभर सुट्टीवर गेले. वेस्ट कॉर्कमध्ये, किनाऱ्याजवळच्या जंगलात एक लाकडी लॉज होतं. आपलं आपण रांधायचं, आपलं आपण आवरायचं. मालकीणबाई नोरा क्रोनिन भेटल्या त्या फोनवरच. किल्ली दाराशेजारच्या नंबरवाल्या पेटीत होती. समुद्र कुठूनच दिसत नव्हता, पण झाडांमागून त्याचा आवाज सारखा येत होता.

आणि मागच्या व्हरांड्यातल्या टेबलावर एक डबा होता. निळा, पत्र्याचा, झाकणावर केसाएवढा ओरखडा, एका कोपऱ्यात अंगठा बसेल एवढा पोचा. आत सोडा ब्रेड.

"इट्स स्टिल वॉर्म, मम्मा," सुरुची म्हणाली.

किती चांगली माणसं असतात, असं वीणाला मनापासून वाटलं. त्यांनी उभ्याउभ्याच लोणी लावून तो ब्रेड फस्त केला. मग वीणानं डबा घासला, पुसला, घरून आणलेले बेसनाचे लाडू त्यात भरले आणि डबा होता तिथे नेऊन ठेवला. सहा लाडू बसले, नेमके.

२

सकाळी डबा पुन्हा टेबलावर होता. आत ब्लॅकबेरी होत्या, दव न सुकलेल्या.

"झालं. आता तुझी पाळी," चारुदत्त म्हणाला. "सुट्टीवर आलोय की खानावळ काढलीय?"

"गप रे. एवढ्या प्रेमानं देतंय कुणीतरी."

बेरी खाऊन झाल्यावर तिनं डब्यात चिवडा भरला. भरताना तिच्या हाताला काहीतरी खटकलं. चिवड्याची अख्खी पिशवी रिकामी झाली तरी डबा काठापर्यंत आला नाही. तिनं वरून उरलेले लाडू ठेवले. तरी जागा उरलीच.

वीणा मुळात शंकेखोर नव्हती. पण दिवसाचे आठ तास जिचं काम डब्यांकडे बघण्याचं, तिचा डोळा एवढा चुकत नसतो. तिनं पोच्यात अंगठा घालून पाहिला. काल अंगठा घट्ट बसला होता. आज तो आत हलत होता.

"सेट असेल गं," चारुदत्त म्हणाला. "आपल्याकडे एकात एक बसणारे डबे नसतात का? बाईनं आज त्यातला मोठा काढला."

"आणि प्रत्येकाला त्याच कोपऱ्यात पोचा?"

"मग एकदम पडले असतील."

पटण्यासारखं होतं. वीणानं ते पटवूनही घेतलं. आपल्या हाताशी बरं कारण असलं की माणूस दुसरं शोधायला जात नाही.

दुपारी तिघं आत चहा पीत बसली असताना व्हरांड्यात टक् असा आवाज झाला. झाकण दाबून बसवताना होतो तसा. वीणा उठली आणि तिनं दार उघडून बघितलं. टेबल मोकळं होतं. लॉजपासून झाडांपर्यंत नुसतं गवत होतं, लपायला एक झुडूपही नव्हतं, आणि गवतात कुणीच चालत नव्हतं.

३

"ब्रेड?" नोरा क्रोनिन फोनवर हसल्या. "मी नाही हो ठेवला, लव्ह. फ्रिजमध्ये दूध आणि लोणी ठेवते मी, तेवढंच. मला ब्रेड करताही येत नाही."

"मग शेजारचं कुणीतरी असेल."

"कुठलं शेजारचं? त्या जंगलात तुमच्याशिवाय कुणी नाही. पलीकडे थेट समुद्र." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चांगला होता का पण?"

"खूप."

"ग्रँड. मग कशाला काळजी करता?"

फोन ठेवल्यावर वीणा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. ऊन स्वच्छ पडलं होतं. पक्षी ओरडत होते. भीती वाटावी असं त्या दृश्यात काहीच नव्हतं, आणि तरी तिला वाटत होती. तिनं स्वतःला समजावलं की कुणी चालायला येणारी म्हातारी असेल, एकटी असेल, तिला कुणाला तरी खाऊ घालावंसं वाटत असेल. मग त्या म्हातारीची तिला दयाच आली. संध्याकाळी डबा परत आला तेव्हा त्यात अंडी होती, आणि डबा उचलायला दोन्ही हात लागले.

४

त्यानंतर सुट्टी अशी काही उरलीच नाही. अंड्यांच्या बदल्यात वीणानं पुलाव केला. पुलावाच्या बदल्यात आलं एक अख्खं चीज, ओल्या फडक्यात बांधलेलं. घरून आणलेलं सामान संपलं, तशी ती गाडी काढून गावातल्या दुकानात गेली आणि तांदूळ, रवा, साखर घेऊन आली. चारुदत्त आणि सुरुची किनाऱ्यावर शंख वेचायला गेले, तेव्हा ही रवा भाजत होती. तिला स्वतःचा रागही येत होता, पण हात काही थांबत नव्हता.

शिऱ्याच्या बदल्यात आला एक लाल स्वेटर. हातानं विणलेला, छोटा. सुरुचीनं तो लगेच चढवला. बाह्या मनगटावर नेमक्या थांबल्या.

"माप कुठून कळलं?" वीणानं विचारलं. या वेळी चारुदत्तनं विनोद केला नाही.

तिनं स्वेटर काढायला लावला, घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये ठेवून दिला. प्रेस म्हणजे कपाट. इतक्या वर्षांत तिच्या तोंडी तोच शब्द बसला होता.

"आता बास कर," चारुदत्त म्हणाला. "डबा तसाच ठेव बाहेर, रिकामा."

"रिकामा कसा ठेवू? कुणी विणून दिलंय अरे."

"तू मागितलं होतंस का?"

"त्याचा काय संबंध?"

सुरुची ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इथल्या पोरांसारखं इंग्रजीत यायचं. "व्हाय कान्ट यू जस्ट गिव्ह इट बॅक, मम्मा?"

"रिकामं परत करायचं नसतं, बाळा. वाईट दिसतं. समोरच्याला राग येतो."

"नॉट एव्हर?"

"कधीच नाही."

सुरुचीनं मान डोलावली. शिकवलेलं मनावर घेणारी मुलगी होती ती, आईवर गेलेली. वीणानं तिचे केस मागे सारले आणि बटाटे उकडायला लावले, कारण डबा आता एवढा झाला होता की बटाट्याच्या भाजीशिवाय तो भरला नसता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. वीणानं मागचं दार उघडलं. डबा टेबलावर नव्हता, कारण तो टेबलावर मावला नसता. तो खाली, दाराला लागून होता. निळा, पत्र्याचा. झाकणावरच्या ओरखड्यात आता बोट गेलं असतं. कोपऱ्यातल्या पोच्यात सुरुचीचं डोकं बसलं असतं.

कारखान्यात असं काही समोर आलं असतं तर तिनं त्यावर लाल चिकटपट्टी लावली असती आणि वरच्या माणसाला बोलावलं असतं. इथे वरचं माणूस कोण, ते तिला माहीत नव्हतं. तिनं झाकण उचललं आणि कठड्याला टेकवून ठेवलं.

आत खायचं काही नव्हतं. वाळकं नेचं पसरलं होतं, मऊ, जाड. त्यावर क्रोशाची एक छोटी उशी. उशीत खळगा होता आणि नेच्यावर दाबल्याची खूण होती, एका कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन कुणी झोपलं तर पडेल तशी. सुरुची तशीच झोपायची. पहिल्या दिवशीच्या ब्रेडचा वास येत होता, गरम.

एवढे दिवस ती मोजत होती की आपल्याला काय मिळालं आणि आपण काय दिलं. समोरचं माणूस काय मागतंय हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

चारुदत्त आला, त्यानं आत पाहिलं. व्हरांड्यापासून झाडांपर्यंत गवतावर एक रुंद पट्टा दबला होता, डबा ओढत आणल्यासारखा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पावलं नव्हती. "निघूया," तो म्हणाला. "आत्ता. मी बॅगा भरतो."

"आणि हा?"

"वीणा."

"बरोबर आहे तुझं. राहू दे. असाच राहू दे."

म्हणाली खरी, पण आत जाताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखं वाटत होतं तिला. रिकामा. आई काय म्हणाली असती.

६

चारुदत्त पुढच्या दारानं गाडीकडे बॅगा नेत होता. वीणा फ्रिज रिकामा करत होती. सुरुची खोलीत आपले शंख पिशवीत भरत होती, त्यांचा खुळखुळाट ऐकू येत होता. मग तो थांबला. थोड्या वेळानं व्हरांड्यात आवाज आला.

टक्.

वीणाच्या हातातली दुधाची बाटली तशीच राहिली. झाकण तर तिनं काढून कठड्याला टेकवलं होतं.

"सुरुची?"

खोलीत पिशवी होती, सुरुची नव्हती. बाथरूममध्ये नव्हती. ओट्याजवळ एक स्टूल ओढलेलं होतं आणि वरची प्रेस उघडी होती. स्वेटर नव्हता.

मागचं दार तिनं उघडलं की तोडलं हे तिला नंतर आठवेना. डबा बंद होता. आतून कुणीतरी गुणगुणत होतं, शाळेतलं गाणं, पत्र्यामुळे घुमणारं.

"चारू!"

तो धावत आला. दोघांनी झाकणाच्या कडा धरून ओढलं. झाकण जागचं हललं नाही. चारुदत्त गाडीतला पाना आणायला वळणार, तेवढ्यात गुणगुणणं मंद झालं, झोप येत असल्यासारखं. आणि वीणाचं डोकं एकाएकी स्वच्छ झालं. कारखान्यात होतं तसं.

"ओढून नाही यायचं. आत हवा जायला पाहिजे."

ती गुडघ्यांवर बसली आणि कडेवरून बोट फिरवत गेली. जिथे पोचा असतो तिथे कड सरळ नसते, आणि जिथे कड सरळ नसते तिथे झाकण खोटं बोलत असतं. तिला जागा सापडली. आतून कालथा आणून तिनं त्याचं पातं फटीत घातलं आणि सगळं वजन त्यावर टाकलं. फस्स झालं. झाकण उडून व्हरांड्यात पडलं.

सुरुची नेच्यावर कुशीवर वळून पडली होती, लाल स्वेटर घालून, गुडघे पोटाशी. उजेड आला तशी तिनं डोळे किलकिले केले. घाबरलेली अजिबात नव्हती.

"इट वॉज एम्प्टी, मम्मा," ती म्हणाली. "यू सेड वी कान्ट गिव्ह इट बॅक एम्प्टी."

वीणानं तिला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. कुणाच्या रागाला भिऊन आपण आयुष्यभर जे करत आलो, ते या एवढ्याशा जिवानं आपल्यापेक्षा नीट शिकून घेतलं. स्वतःला मोडून, दुमडून, दुसऱ्याच्या डब्यात बसायचं. वीणाला रडू आलं, आणि रडता रडता तिला जो संताप आला तसा तिला कधी आलाच नव्हता.

"झाकण कुणी लावलं, बेटा?" चारुदत्तनं विचारलं.

"द लेडी हेल्प्ड. शी वॉज ओन्ली लव्हली."

"कुठे आहे ती?"

सुरुचीनं बोट दाखवलं. झाडांकडे दाखवेल असं दोघांना वाटलं होतं. तिनं ते वर केलं, छपराच्या कडेच्याही वर.

दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

७

"गाडीत बस," चारुदत्त म्हणाला. "चल, पळ."

"नाही." वीणानं सुरुचीचा स्वेटर काढला आणि तिला बापाच्या कडेवर दिलं. "असंच पळालो तर हिला काय कळेल? की आई चुकली, बाई रागावली, म्हणून आपण पळतोय. तू हिला धर. आणि बघू दे तिला."

"वेड लागलंय का तुला?"

"आत्ता उतरलंय."

तिनं स्वेटर डब्यात टाकला, डब्याची कड धरली आणि ओढायला लागली. पत्रा फळ्यांवरून खरखरत गेला, पायरीवरून आदळला, गवतात उतरला. मघाचा दबलेला पट्टा होता, त्यावरूनच ती गेली. धुकं विरत होतं. पक्षी गप्प झाले होते. समुद्रही गप्प झाला होता, आणि इतक्या दिवसांत तसं पहिल्यांदाच झालं होतं. वीणाचं सगळं शरीर तिला सांगत होतं की परत फीर. तिनं ऐकलं नाही.

झाडं सुरू होत होती तिथे ती थांबली. डबा आडवा केला. नेचं, उशी, स्वेटर, सगळं बाहेर ओतलं. मग पिठाचा डबा झाडावा तशी त्याच्या तळावर थाप मारली, दोनदा, तीनदा, कणही राहू नये म्हणून. आणि त्याचं तोंड जंगलाकडे करून उभी राहिली.

"बघा," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, दुसरी भाषा तिला त्या वेळी सुचलीच नाही. "रिकामा आहे. तुम्ही दिलंत, आम्ही खाल्लं, छान होतं. मी दिलं, तुम्ही घेतलंत. आता आमच्याकडून काही नाही. काहीही नाही. रिकामाच घ्यायचा."

समोर होलीची, काटेरी पानांची दाट झाडं होती. त्यांच्या अंधारात दोन फांद्या पुढे आलेल्या होत्या, शेजारी शेजारी, तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर. इतका वेळ तिला त्या फांद्याच वाटल्या होत्या. मग तिला दिसलं की त्या टोकाशी वळल्या आहेत, आणि वळून उताण्या झाल्या आहेत. कुणी काही द्यायला आलं की आपण पुढे करतो तशा. ओंजळीसारख्या.

वीणाचे कान तापले. लहानपणी रिकामी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभं राहिल्यावर तापले असते तसे. अजूनही काहीतरी द्यावं, खिशात काही असेल, निदान सॉरी तरी म्हणावं, असं तिच्या घशाशी आलं. तिनं दात आवळले. ओंजळ पुढेच होती. वाट बघत होती. इतक्या वाट बघण्याची तिला सवय असावी, आणि शेवटी प्रत्येक जण काहीतरी देतोच, हाही तिचा अनुभव असावा.

वीणा हलली नाही. घाम डोळ्यांत उतरला तरी तिनं तो पुसला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. वारा नव्हता, पण पानं सळसळली. ओंजळ हळूहळू मिटली, एकेक बोट करत, आणि बोटं संपता संपेनात. मग त्या दोन्ही फांद्या मागे गेल्या, झाडांच्या आत, आणि आतून कुठूनतरी एक आवाज आला. दुखावलेल्या माणसानं नाकातून सोडलेला श्वास असतो ना, तसा, फक्त फार मोठा. सगळ्या जंगलभर तो पसरत गेला. मागोमाग समुद्र पुन्हा वाजायला लागला.

वीणानं डबा तिथेच पालथा घातला आणि पाठ फिरवली. धावली नाही. सबंध गवत तिनं चालत पार केलं, ताठ मानेनं, आणि दर पावलाला तिला वाटत होतं की आता खांद्यावर काहीतरी येईल. आलं नाही. व्हरांड्याशी पोचेपर्यंत तिला हसू फुटलं होतं. चारुदत्त तिच्याकडे असा बघत होता की जणू ही बाई त्याला आज नव्यानं भेटली.

गाडी पक्क्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन वर आलं होतं. मागच्या सीटवर सुरुची बराच वेळ काचेतून मागे बघत होती.

"मम्मा, इज शी क्रॉस विथ अस?"

"हो," वीणा म्हणाली. "खूप."

"सो व्हॉट डू वी डू?"

"काही नाही करायचं. रागावू दे तिला."

सुरुचीनं यावर नीट विचार केला. मग ती पुढे वळून बसली. रस्ता झाडांतून बाहेर आला, आणि लॉजवर इतके दिवस नुसता ऐकू येणारा समुद्र एकदम समोर उघडला, निळाशार, थेट आभाळापर्यंत. वीणानं काच खाली केली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर मनापासून रागावलेलं होतं, आणि तिला सपाटून भूक लागली होती.